प्रयोगापूर्वीचा घास

रात्री साडेआठच्या प्रयोगासाठी डोंबिवलीहून किंवा बोरिवलीहून दादरला निघालेल्या प्रेक्षकापुढे एक जुना पेच असतो. जेवायचे कधी आणि कुठे? सहा वाजता घरी जेवून निघावे, तर त्या वेळी भूक नसते. प्रयोग संपल्यावर जेवू म्हणावे, तर घरी पोचेपर्यंत बारा-साडेबारा होतात आणि झाकून ठेवलेली आमटी पुन्हा ऊन करायला कोणाला तरी जागे राहावे लागते. वाटेत कुठे भरपेट जेवावे, तर दुसऱ्या अंकात नायिकेचे स्वगत चालू असताना मान छातीवर कलंडते. या अडचणींतून मराठी प्रेक्षकाने काढलेला मार्ग सर्वांच्या परिचयाचा आहे. प्रयोगाआधी काहीतरी तोंडात टाकावे, मध्यंतरात बटाटेवडा खावा आणि जेवणाचे घरी गेल्यावर जमेल तसे पाहावे.

दादर पश्चिमेला अशा खाण्याची वाण कधीच नव्हती. स्टेशनाजवळच्या मामा काणे यांच्या उपाहारगृहाचे नाव पिढ्यान्पिढ्या घेतले गेले. शिवाजी पार्काच्या अंगाला ‘प्रकाश’मधल्या साबुदाणावड्यासाठी आणि पियूषसाठी लोक दाराशी ताटकळत उभे राहिले. १९६५ साली शिवाजी मंदिर सुरू झाले आणि नाटक पाहणे व दादरला काहीतरी खाणे ही एकाच संध्याकाळची दोन अंगे होऊन बसली. नाट्यगृहाच्या उपाहारगृहातला वडा हा तर प्रयोगाचाच भाग समजला जातो. पहिला अंक संपण्याच्या बेतात असताना तळणाचा वास दाराच्या फटीतून आत येतो आणि गंभीर प्रसंगातही मागच्या रांगांत चुळबूळ सुरू होते. नाटक पडले तरी वडा चांगला होता, असे समाधान मानून घरी गेलेले प्रेक्षकही थोडे नाहीत.

हा सगळा प्रश्न सोयीचा आहे, त्यात नीतीचा किंवा तत्त्वाचा संबंध कुठे येतो, असे कोणीही म्हणेल. तथापि भारतीय नाट्यविचाराच्या अगदी उंबरठ्यावरच अन्न वाढून ठेवलेले आहे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस म्हणजे काय हे समजावून देताना भरताने जेवणाचाच दृष्टांत घेतला. नाना व्यंजनांनी संस्कारलेले अन्न सेवन करताना प्रसन्न मनाची माणसे जसा निरनिराळ्या रसांचा आस्वाद घेतात आणि आनंद पावतात, त्याचप्रमाणे अभिनयातून व्यक्त झालेल्या स्थायी भावांचा आस्वाद प्रेक्षक घेतात, असा त्याचा आशय. या दृष्टांताची चर्चा करणाऱ्यांनी बहुधा स्वयंपाकाकडे, म्हणजे विभाव-अनुभावांच्या मिश्रणाकडे, लक्ष दिले. जेवणाऱ्याकडे त्या मानाने दुर्लक्ष झाले. भरताने मात्र त्याच्यावर एक अट घातली आहे. त्याने ‘सुमनस’ असले पाहिजे. पानात काय वाढले आहे एवढ्याने भागत नाही. पानावर कोण, कोणत्या मनाने बसले आहे याचाही प्रश्न आहे.

भरत व्यवहारीही होता. नाट्यप्रयोग कोणत्या वेळी करू नये हे सांगताना त्याने मध्यरात्र, मध्यान्ह आणि संध्यासमय यांच्या बरोबरीने भोजनाची वेळही वर्ज्य मानली. स्वामीची आज्ञा असेल तर मात्र वेळकाळ पाहू नये, अशी पळवाटही त्याने ठेवली आहे. आश्रयदात्यावर पोट असणाऱ्या नटांचे वास्तव त्याला चांगले ठाऊक होते. सातव्या अध्यायात तर भूक आणि तृप्ती या दोन्ही गोष्टी एका विलक्षण ठिकाणी भेटतात. तेहतीस व्यभिचारी भावांच्या यादीत भुकेला स्वतंत्र स्थान नाही. ती येते ती ग्लानीच्या कारणांमध्ये, उपवास, तहान, प्रवासाचा शीण यांच्या सोबतीने. आणि पोटभर जेवून आलेली तृप्ती येते ती आलस्याच्या कारणांमध्ये. म्हणजे रिकामे पोट माणसाला गळून टाकते आणि भरलेले पोट त्याला सुस्त करते. नाटकाला जाणाऱ्याची अडचण इतक्या नेमकेपणाने नोंदवणारे दुसरे शास्त्र सापडणे अवघड आहे, मग भरताच्या मनात तेव्हा रंगावरचे पात्र असो की समोरचा प्रेक्षक.

या जागी अभिनवगुप्ताची आठवण होणे अपरिहार्य आहे. दहाव्या-अकराव्या शतकांच्या संधिकाळी काश्मिरात बसून भरतावर टीका लिहिणाऱ्या या आचार्याने रसास्वादात येणारी सात विघ्ने सांगितली. त्यांपैकी एक आहे ‘निजसुखादिविवशीभाव’, म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखाच्या कह्यात जाणे. ज्याचे मन आपल्या खाजगी सुखात किंवा दुःखात अडकले आहे, तो दुसऱ्याच्या भावात शिरणार कसा? या विघ्नावर अभिनवगुप्ताने सुचवलेले उपाय गीत, वाद्य, सजवलेला मंडप अशा स्वरूपाचे आहेत. फराळाचा उल्लेख त्यात नाही. पण त्याचा विचार पुढे नेला तर मध्यंतरातल्या वड्यालाही त्या यादीत जागा द्यावी लागेल. भुकेला प्रेक्षक दुःखाने विवश आणि जडावलेला प्रेक्षक सुखाने. दोघेही शेवटी स्वतःपाशीच बसून राहतात. थोडेसे खाणे म्हणजे शरीराला दोन-अडीच तास गप्प बसायला राजी करणे होय. सुमनस होण्याची ती अगदी प्राथमिक, काहीशी घरगुती तयारी.

(प्रयोग चालू असताना खाणे ही मात्र वेगळी गोष्ट. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात जाता जाता एक निरीक्षण नोंदवले आहे, की प्रेक्षागृहात लोक चघळायच्या वस्तू सर्वांत जास्त खातात ते नट वाईट असतात तेव्हा. वेफरच्या पिशवीचा आवाज ऐकून कपाळाला आठ्या घालणाऱ्या आजच्या नटाने या निरीक्षणाचा क्षणभर विचार करायला हरकत नाही.)

येथपर्यंत प्रश्न एकट्या प्रेक्षकाचा आहे आणि तो सुटल्यासारखा वाटतो. परंतु एका माणसाचे शरीर गप्प बसते तेव्हा ते गप्प बसवण्यासाठी दुसरे कोणी राबलेले असते, आणि तेथून हा विषय इतका सरळ राहत नाही.

१८८० साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले. त्यानंतरच्या कितीतरी वर्षांत संगीत नाटकांचे प्रयोग रात्री नऊ-दहाला सुरू होत आणि उत्तररात्रीपर्यंत रंगत. जेवणे उरकून नाटकाला जायचे, असा तेव्हाचा शिरस्ता. या लहानशा वाक्यातले ‘उरकून’ हे क्रियापद थोडे थांबून पाहण्याजोगे आहे. उरकायचे कोणी? आधी पुरुषांची पाने, मग मुलांची ताटे, मग सासुरवाशिणींचे उरल्यासुरल्यातले जेवण, त्यानंतर उष्टी-खरकटी, भांडी, चुलीची सारवण, उद्याच्या दुधाचे विरजण. एवढे सगळे आटोपून जिला निघता येईल, तिने निघायचे आणि स्त्रियांसाठी राखलेल्या वेगळ्या बैठकीत जाऊन बसायचे. त्या बैठकीत नायिकेच्या विरहाने डोळे पुसणाऱ्या बायकांपैकी किती जणी खरोखर नाटकाने रडत होत्या आणि किती जणी दिवसभरात पहिल्यांदाच निवांत बसायला मिळाल्यामुळे, हे कोण सांगणार? अभिनवगुप्ताच्या दृष्टीने त्यांचे रडणे सविघ्न ठरेल. माणसाच्या दृष्टीने त्याला सविघ्न म्हणवत नाही.

पुढे प्रयोगाची वेळ अलीकडे आली, नाटक तीन अंकांवरून दोन अंकांवर आले, आणि नाट्यगृहाच्या आवारात उपाहारगृह आले. रंगभूमीच्या इतिहासात या बदलांची चर्चा लोकलगाड्यांची वेळापत्रके, नाट्यगृहांची भाडी आणि प्रेक्षकांची बदललेली अभिरुची या अंगांनी होते. त्याचे आणखी एक अंग आहे. संध्याकाळी साडेसहाला घर सोडणाऱ्या बाईला त्या दिवशी रात्रीचा पूर्ण स्वयंपाक करता येत नाही आणि तसा तो झाला नाही याचे कारणही सर्वांना मान्य असते. ती मध्यंतरात बाहेर येते आणि कोणीतरी, बहुधा नवरा किंवा मुलगा, गर्दीत हात घालून दोन बशा मिळवून आणतो. स्वतः न रांधलेले, ऊन ऊन, दुसऱ्याने हातात आणून दिलेले असे ते खाणे असते. त्या वड्याची चव नाटकापेक्षा अधिक दिवस लक्षात राहिली, तर तो नाटकाचा पराभव समजू नये.

अर्थात तो वडाही कोणीतरी तळलेला असतो.

शिवाजी मंदिरापासून चालत थोड्या अंतरावर, दादर स्टेशनाच्या बाहेर, १९६६ साली अशोक वैद्य यांनी पावात वडा घालून विकायला सुरुवात केली असे सांगितले जाते. त्या पदार्थाचे गिऱ्हाईक नाटकाला निघालेले नव्हते. ते पाळीला निघालेले होते. उभ्याने, एका हाताने, दोन मिनिटांत खाता येईल आणि पुढचे काही तास काढता येतील असे काहीतरी गिरणगावाला हवे होते. लालबाग-परळच्या गिरण्यांत काम करणारे हजारो लोक कोकणातून आणि घाटावरून एकटेच आलेले. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे आणि शेजारच्या एखाद्या बाईकडे महिन्याच्या बोलीवर जेवणारे. या खानावळी चालवणाऱ्या बायकांचे स्वयंपाकघर म्हणजे त्यांची राहती खोलीच. गिऱ्हाइकांचा पगार थकला की त्यांचे वाण्याचे देणे वाढे आणि तरीही सकाळी स्टोव्ह पेटवावाच लागे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अशा बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तेव्हा कुठे बँकेच्या दारात त्यांना उभे राहता आले.

या वस्तीला नाटकाचे वेड होते, ही गोष्ट विसरून चालणार नाही. १९२२ साली परळला उभे राहिलेले दामोदर नाट्यगृह तिच्या ऐन मध्यावर होते. पाळी संपवून, खानावळीत जेवून, रात्री तालमीला येणारे नट कामगार रंगभूमीने घडवले. त्यांच्यापुढे नाटकाआधी कुठे खावे हा पेच कधी आला नसावा. खायची जागा एकच होती आणि वेळ भोंग्याने ठरवलेली होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पुढची कथा सर्वज्ञात आहे. १९९७ साली जयंत पवार यांचे ‘अधांतर’ रंगभूमीवर आले आणि संपानंतर मोडत गेलेल्या धुरी कुटुंबाची चाळीतली खोली प्रेक्षकांपुढे उभी राहिली. ती पाहायला येणाऱ्यांत संप भोगलेले लोक होते आणि संपाच्या बातम्या चहाबरोबर वाचलेले लोकही होते. मध्यंतरात दोघांनीही बाहेर येऊन खाल्ले असणार. पण एकाने स्टेशनाबाहेर खाल्लेला वडा आणि दुसऱ्याने नाट्यगृहात बशीत घेतलेला वडा, यांत बटाटा तोच, डाळीचे पीठ तेच, लसणाची चटणीही तीच. एक खाणे पोट भरण्यासाठी होते आणि दुसरे पोटाला विसरण्यासाठी. रंगमंचावर त्या संध्याकाळी पहिल्याचे घर मांडलेले होते आणि त्याच्यासमोर, मऊ खुर्चीत, दुसरा बसला होता.

आता प्रश्न नीतीचा झाला आहे. दुसऱ्याची भूक पाहायला जाताना खाऊन जाणे योग्य की अयोग्य?

या प्रश्नाची सर्वांत कठोर परीक्षा मुंबईत झाली नाही, कलकत्त्यात झाली. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात किती माणसे मेली याचे अंदाज वेगवेगळे आहेत. अमर्त्य सेन यांचा अंदाज तीस लाखांच्या आसपास जातो. धान्य अजिबात नव्हते म्हणून हे घडले नाही, ते विकत घेण्याची ऐपत लोकांजवळ उरली नव्हती, हे त्यांचे प्रतिपादन प्रसिद्धच आहे. खेड्यांतून आलेली माणसे शहरातल्या दारोदारी भाताची पेज मागत फिरली आणि पदपथांवर पडून राहिली. शहरात शिजणे मात्र थांबले नव्हते. दुसऱ्याच वर्षी, १९४४ च्या ऑक्टोबरात, श्रीरंगम रंगमंदिरात भारतीय जननाट्य संघाने बिजन भट्टाचार्य यांचे ‘नबान्न’ सादर केले. शंभू मित्र आणि स्वतः भट्टाचार्य यांचे दिग्दर्शन. त्यात एक प्रवेश असा आहे. एका श्रीमंत घरी लग्नाच्या पंगती झडत आहेत आणि बाहेर उकिरड्याशी उष्ट्यासाठी आलेल्या शेतकऱ्याला कुत्रे चावते. हा प्रवेश पाहणारे प्रेक्षक जेवून आलेले होते. प्रेक्षागृहाकडे येताना ते ज्या रस्त्यांवरून चालले, त्याच रस्त्यांवर वर्षभरापूर्वी हे सारे नेपथ्यावाचून घडलेले होते.

अशा वेळी संवेदनशील माणसाला वाटते की निदान उपाशी तरी जावे. ही भावना उदात्त वाटली तरी तपासून घेतली पाहिजे. प्रेक्षकाचा उपास त्याच्या मर्जीचा असतो आणि तो अकरा वाजता सुटणार असतो. भुकेची सगळी भयानकता ती कधी सुटेल हे ठाऊक नसण्यात आहे. तेवढा भाग वगळून घेतलेली भूक ही भुकेची नक्कल ठरते, आणि नक्कल करण्याचे काम त्या संध्याकाळी नटांकडे दिलेले असते. शिवाय उपाशी प्रेक्षक आपल्याच उपासाकडे पाहू लागतो. आपण किती सोसतो आहोत, या जाणिवेत तो गुंतून पडतो आणि समोरचा शेतकरी त्याच्या दृष्टीआड होतो. अभिनवगुप्ताचे विघ्न येथे सद्गुणाचा वेश घेऊन येते. भरताने उत्तम प्रेक्षकाचे वर्णन करताना तो शोकात शोकाकुल होतो, दैन्यात दीन होतो असे म्हटले. तो भुकेत भुकेला होतो असे म्हटले नाही. तेव्हा खाऊन जाण्यात पाप नाही.

ब्रेख्तने मात्र हा प्रश्न नेमका उलट्या बाजूने धरला. चविष्ट पदार्थासारखी चाखावी आणि पचवून टाकावी अशी कला त्याला नको होती. १९३० च्या सुमारास ‘महागनी’वर लिहिताना त्याने अशा ऑपेराला स्वयंपाकघराचेच विशेषण लावले. प्रेक्षकाने मुष्टियुद्ध पाहायला आल्यासारखे सिगार ओढत, डोके शाबूत ठेवून बसावे, अशी त्याची कल्पना. रसाचा दृष्टांत ज्या ताटावर उभा आहे ते ताटच त्याने उलथून टाकले, असे म्हणावे लागेल. पण प्रेक्षकांची पचनशक्ती त्याच्या अपेक्षेहून मोठी निघाली. १९२८ साली बर्लिनमध्ये ज्यांच्यावर ‘थ्री पेनी ऑपेरा’चा रोख होता, त्यांनीच त्यातली गाणी डोक्यावर घेतली. १९७८ साली पु. ल. देशपांडे यांनी त्यावरून ‘तीन पैशाचा तमाशा’ केला, तोही मराठी प्रेक्षकांनी असाच चवीने अनुभवला. भाकरीविषयीचा कडवट विचार गोड चालीत आला की तो भाकरीपेक्षाही लवकर पचतो.

मग रसिकाने बसावे कुठे, अभिनवगुप्ताच्या मंडपात की ब्रेख्तच्या आखाड्यात? दोघांची मांडणी आपापल्या जागी पक्की आहे आणि त्यांचा समझोता घडवून आणण्याची गरजही नाही. एवढे मात्र दिसते की दोघांनीही प्रेक्षकाचा विचार तो खुर्चीत बसल्यापासून केला. तो कोणत्या रस्त्याने आला, वाटेत कुठे थांबला, त्याच्यासाठी घरी कोण जागे आहे, त्याच्या हातातली बशी कोणी विसळली, हे दोघांच्याही चौकटीबाहेर राहिले. ‘सुमनस’ या शब्दाचा अर्थ टीकाकारांनी प्रसन्नचित्त असा केला आहे. त्यात थोडी भर घालता येईल. आपल्या प्रसन्नतेचा खर्च कोणाच्या खात्यावर पडला हे ठाऊक असूनही ज्याचे मन समोरच्या माणसाकडे वळू शकते, तो सुमनस. अशा मनाला वड्याची लाज वाटणार नाही आणि वडा खाल्ल्याचा विसरही पडणार नाही. हे सांगायला सोपे आहे. तिसरी घंटा वाजताना बशी ठेवायला जागा शोधणाऱ्या गर्दीत ते साधणे कठीण.

आणि या सगळ्या हिशेबात एक माणूस राहूनच गेला. नट प्रयोगाआधी सहसा जेवत नाही. भरल्या पोटाने श्वास पुरत नाही, आवाज बसतो, उडी जड होते. चहाचा अर्धा पेला, फार तर दोन बिस्किटे, यावर तो तोंडाला रंग लावून बसतो आणि कधीकधी रंगमंचावर पंचपक्वान्नांच्या ताटावरून तृप्तीचा ढेकर देऊन दाखवतो. प्रेक्षक तृप्त असतात तेव्हा तो उपाशी असतो आणि त्याची भूक कोणाच्याही रसात विघ्न आणत नाही. पडदा पडल्यावर लोक त्याला भेटायला विंगेत येतात, त्यांच्याशी हसून बोलावे लागते. तोपर्यंत मागे नेपथ्याच्या फळ्या सुटू लागलेल्या असतात. भिंती, दारे, चाळीचा कठडा, खोलीतली चूल, सगळे टेम्पोत चढवायचे असते, कारण उद्या दुपारी चारला प्रयोग ठाण्याला आहे. उपाहारगृहात कढई उतरवलेली असते. गार झालेले सात-आठ वडे एका परातीत कागदाखाली झाकून ठेवलेले असतात, आणि फळ्या वाहणारी मुले मधूनच येऊन त्यातला एकेक उचलून नेतात. प्रेक्षकांची गाडी तोवर कुर्ल्याच्या पुढे गेलेली असते.